शोधांची मोजदाद आणि शोधांची मालकी

विज्ञानाचे मोल कोणत्या तराजूत तोलावयाचे, हा प्रश्न वरकरणी विद्वानांपुरता वाटतो. वस्तुतः तो जनतेच्या आरोग्याचा प्रश्न आहे. कातालिन कारिको या हंगेरियन शास्त्रज्ञ महिलेचा प्रवास याची साक्ष देतो.

१९५५ साली एका खाटकाच्या घरात जन्मलेल्या कारिको यांचे सारे शिक्षण समाजवादी हंगेरीत झाले. सेगेद येथील जीवशास्त्र संशोधन केंद्रात त्या आरएनएवर संशोधन करीत होत्या. १९८५ साली तेथील निधी आटला आणि त्यांना अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर गाठावे लागले. ही उणीव झाकण्याचे कारण नाही. परंतु अमेरिकेत जे घडले, ते अधिक बोलके आहे.

संदेशवाहक आरएनए पेशीला प्रथिने घडविण्याचा आदेश देतो. हा आदेश बाहेरून पोचविता आला, तर रोगाविरुद्ध लढण्याची तयारी शरीर स्वतःच करील, अशी या संशोधनामागील दृष्टी होती. अडचण एवढीच होती की, प्रयोगशाळेत बनविलेला आरएनए शरीराला शत्रू वाटे आणि दाह उसळे. हा मार्ग बेभरवशाचा ठरवून अनुदाने नाकारण्यात आली. १९९५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कारिको यांना खालच्या पदावर ढकलले. त्यांनी काम सोडले नाही. २००५ साली ड्रू वाइसमन यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की, आरएनएमधील युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन योजल्यास शरीर तो दाहक प्रतिसाद देत नाही. ‘नेचर’ने नाकारलेला हा शोधनिबंध ‘इम्युनिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्वज्जगताने त्याची फारशी दखल घेतली नाही.

त्याच २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच निर्देशांक’ मांडला. एखाद्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा इतरांनी उल्लेख केला असेल, तर त्याचा निर्देशांक वीस! या उल्लेखगणनेचा पाया युजीन गारफील्ड यांच्या संस्थेने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीने घातला होता, आणि तोही फिलाडेल्फियातच. ती सूची संशोधकांना आवश्यक साहित्य शोधता यावे म्हणून होती. तिच्या आधारे व्यक्तींचे मूल्यमापन करताना सावध राहा, असा इशारा खुद्द गारफील्ड यांनीच दिला होता. परंतु निबंध न वाचताच नेमणुका व बढत्या ठरविण्याचे सोयीचे साधन व्यवस्थापनांच्या हाती लागले होते. ते कोण सोडणार?

उल्लेखांची संख्या गर्दी मोजते. जेथे अनुदान आहे तेथे संशोधक जमतात, निबंध वाढतात, परस्परांचे उल्लेख वाढतात आणि त्या आकड्यांकडे बोट दाखवून पुन्हा अनुदान मिळते. नव्या वाटेवर गर्दी नसते. म्हणून तिचा आकडाही लहान असतो. २०२० साली कोविडच्या लसी या शोधाच्या पायावर उभ्या राहिल्या, तेव्हा त्या जुन्या निबंधावर उल्लेखांचा वर्षाव झाला. २०२३ साली कारिको आणि वाइसमन यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. वरातीमागून घोडे!

शोधाचे मोल ओळखण्यास उशीर करणाऱ्या या व्यवस्थेने त्याची मालकी ठरविण्यास मात्र उशीर केला नाही. पेटंट विद्यापीठाकडे राहिले. त्याचे परवाने पुढे मॉडर्ना आणि बायोएनटेक या कंपन्यांपर्यंत पोचले. कोविडविषयक बौद्धिक संपदेचे निर्बंध स्थगित करावेत, असा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडला. जून २०२२ मध्ये त्यावर जो निर्णय झाला, तो अत्यंत तोकडा होता. तोवर महामारीची सर्वांत भीषण वर्षे उलटून गेली होती.

भारतातही याच तराजूची पूजा चालते. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढत्यांना गुणांकांशी जखडले. उच्च शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतही निबंधांची व उल्लेखांची संख्या मोजली जाते. परिणामी पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा फोफावला आणि कंत्राटी नेमणुकीवर असलेला तरुण संशोधक आकड्यांच्या घाण्याला जुंपला गेला. दहा वर्षे एकाच अवघड प्रश्नाशी झुंजण्याची उसंत त्याला कोण देणार?

म्हणून संशोधकांना कायम नेमणुका, दीर्घ मुदतीचा सार्वजनिक निधी, त्यांचे काम प्रत्यक्ष वाचून जाणकारांनी केलेले मूल्यमापन आणि जनतेच्या पैशातून निघालेल्या शोधांवर जनतेचा हक्क, या मागण्या एकत्रच लढवाव्या लागतील. त्या विद्यापीठांच्या भिंतींआड राहता कामा नयेत. लसीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या श्रमिकाचाही या लढ्याशी तितकाच संबंध आहे.