सातबाऱ्यावर दोन नावं

भाचा आणि त्याची बायको बेंगळुरूचा संसार ट्रकमध्ये घालून दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात कायमचे राहायला निघाले आहेत. परवा वाट वाकडी करून ते पुण्याला आमच्याकडे आले आणि संध्याकाळपर्यंत घर नातेवाइकांनी भरलं. सगळ्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. एवढी मोठी नोकरी सोडली, हिंमत लागते, आमच्याच्याने झालं नसतं. कुणी त्याला कलमांबद्दल विचारलं, कुणी विहिरीच्या पाण्याबद्दल, कुणी वानरांच्या उपद्रवाबद्दल. तिला मात्र सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला, ‘तुला करमेल का गं तिथे?’

नोकरी तिचीही होती, आणि पगारही त्याच्या बरोबरीचा होता. तीही ती सोडूनच चालली आहे. इतक्या माणसांत हे एकाच्याही तोंडून निघालं नाही, याचा मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

पाहुणे गेल्यावर त्याने कौतुकाने जमिनीचे कागद काढले. सदराचे जुने वाचक जाणतात, असे कागद समोर आले की मी ते शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचते. चतु:सीमा व्यवस्थित होत्या. एका बाजूला पाणंद, एका बाजूला वहाळ, दोन बाजूंना शेजाऱ्यांचे गडगे. जाण्यायेण्याची वाट लिहिलेली होती, विहिरीतला हिस्साही लिहिलेला होता. खरेदी घेणाराच्या जागी मात्र एकच नाव होतं, भाच्याचं.

बेंगळुरूचा फ्लॅट दोघांच्या नावावर होता. कर्ज देताना बँकेला दोघांचे पगार हवे होते, म्हणून नावंही दोघांची लागली. हप्ते दोघांनी फेडले. तो फ्लॅट विकला आणि त्या पैशातून ही बाग आणि घर घेतलं. मी विचारलं, ‘हिचं नाव कुठे आहे रे?’ भाचा म्हणाला, ‘अगं आत्या, शेतकरी असल्याचा दाखला माझा होता ना. एजंट म्हणाला, एकाच्याच नावावर करा, सोपं पडतं.’ जिने त्याच्या आधी उत्तर द्यायला हवं होतं ती हसून म्हणाली, ‘आत्या, आमच्यात काय वेगळं आहे? त्याचं ते माझंच की.’

एजंट म्हणाला त्यामागे कायदा आहे, तो थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर सरकारी परवानगी लागते. १९४८ च्या कूळकायद्याचं ६३ वं कलम ते. त्यामुळे ज्याच्या घराण्यात सातबारा, त्याच्या नावाने व्यवहार होतो आणि तो बहुतेक वेळा नवराच असतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. तरी माहेरच्या सातबाऱ्यावर मुलीचं नाव लागत नाही, आणि लागलंच तर हक्कसोडपत्रावर सही घेऊन ते कमी केलं जातं. म्हणजे माहेरी गेलेलं नाव सासरच्या खरेदीतही तिला आडवं येतं.

‘त्याचं ते माझंच’ हे माझ्या थोरल्या काकीचंही म्हणणं होतं. तिचं घर दापोलीच्याच पट्ट्यात, समुद्राच्या बाजूला. काका मुंबईला नोकरीत, गणपतीला आणि शिमग्याला येणार, मे महिन्यात जमलं तर. बाकीचं वर्ष बाग काकीची. पोफळींना पाणी सोडायचं, पाट मोकळे करायचे, नारळ उतरवायला पाडेली शोधायचा, सुपारी सोलून वाळवायची, व्यापाऱ्याशी भावावरून भांडायचं. मे महिन्यात तर तिला पाठ टेकायला सवड नसे. लाकडं फोडून पडवीत रचायची, कोकमं फोडून उन्हात घालायची, आंब्याची साठं, फणसाचे तळलेले गरे, वर्षाचे पापड, आणि पहिला पाऊस यायच्या आत पश्चिमेच्या अंगाला झापं बांधून झालेली हवीत. ती त्या जमिनीवर राबली त्याच्या शतांशही काका राबले नसतील. काका भले माणूस होते, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

कोकणात हे घरोघर असंच चाललेलं आहे. पुरुष मुंबईला, बाई घरी आणि महिन्याला मनीऑर्डर. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि जिल्ह्याची एकूण लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांत चक्क घटली होती. म्हणूनच शहरातून कुणी जोडपं उलट्या दिशेने निघालं की मला मनापासून आनंद होतो. बंद घरांची कुलपं निघाली पाहिजेत, शाळेत मुलं आली पाहिजेत. भाच्याच्या निर्णयाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. प्रश्न कागदाचा आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आलं आणि काही तासांत काकीची बाग आडवी झाली. पोफळी मधूनच मोडल्या, नारळ मुळासकट उपटले, जायफळाची झाडं चिरडली गेली. नवी पोफळ लावून सुपारी हातात यायची तर सहा-सात वर्षं थांबावं लागतं, आणि काकीचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. पंचनामा करायला माणसं आली. त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला, ‘मालक कुठायत?’

काका जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. वारसनोंद कुणी केली नव्हती. सातबाऱ्यावर काका, त्यांचे भाऊ, वारलेल्या भावांची मुलं. काकीचं नाव कुठेच नाही. नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या खातेदाराला मिळते. एकाच्या खात्यात पैसे घ्यायचे तर बाकीच्या सगळ्यांची संमतीपत्रं हवीत. एक पुतण्या बोरिवलीला, एक कॅनडात, एकाशी कधीचं बोलणं बंद. झाड कुणी लावलं, पाणी कुणी शिंपलं, हे विचारायला त्या अर्जात रकानाच नव्हता. पैसे आले तेव्हा पुढचा पावसाळा तोंडावर होता, आणि ते वाटे पडून आले. काकी त्याबद्दल कुणालाही वाकडं बोलली नाही. मला आजही ते सहन होत नाही.

आणि इथे शरद जोशींबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शहर सोडून शेतीवर गेलेलं जोडपं म्हटलं की मला पहिलं त्यांचंच आठवतं. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेतली भरल्या पगाराची नोकरी. ती सोडून सत्तरच्या दशकात पत्नी लीलाताई आणि दोन मुलींसह ते भारतात परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. बर्नचं हवापाणी सोडून चाकणच्या माळावर यायचं, तेही शाळकरी मुलींना घेऊन! या घराच्या धाडसाचं श्रेय आपण नेहमी एकट्या जोशींना देतो, लीलाताईंबद्दल फार थोडं लिहिलं जातं. त्या जमिनीवर जोशींनी स्वतः शेतीचा हिशेब मांडून पाहिला, तो तोट्यातच निघतो हे अनुभवलं, आणि त्यातून चाकणचं कांदा आंदोलन आणि शेतकरी संघटना उभी राहिली. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला त्याहून मोठं वाटतं.

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन झालं. गावोगावच्या लाखो बाया तिथे आल्या आणि आपल्या जगण्याबद्दल बोलल्या. शेतमालाला भाव मिळत नाही म्हणून शेतकरी लुटला जातो, हे जोशी सांगत होतेच. त्याच शेतकऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईला तिच्या कामाचं मोल कोण देतं, हा प्रश्न तिथून पुढे आला. मग निघाली लक्ष्मीमुक्ती. नवऱ्यांनी आपणहून, जिवंतपणी, जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायचा. सरकारकडे मागणी करायची नाही, आधी आपल्या घरातलं देणं फेडायचं. ज्या गावात पुष्कळ घरांनी असं केलं ते लक्ष्मीमुक्ती गाव ठरे आणि जोशी स्वतः तिथल्या कार्यक्रमाला जात. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यांतलं एक. धोतर-टोपीतले, उभ्या आयुष्यात बायकोला चारचौघांत नावाने हाक न मारलेले पुरुष तिचं नाव सातबाऱ्यावर लावायला तयार झाले. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या शालेय पुस्तकात यावर एक धडा असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे १९९२ मध्ये सरकारनेही लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर त्याच्या हयातीत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. २००३ मध्ये घरांसाठी तसाच निर्णय झाला, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर नवरा-बायको दोघांच्या नावाने लावण्याचा. दोन्ही सोयी इतकी वर्षं आहेत. भाच्याने दोन्हींचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्याने कष्ट घेऊन कंपोस्टाचे प्रकार वाचले होते, सौर पंपाचा खर्च काढला होता, जांभ्यात पाणी टिकत नाही म्हणून पागोळीचं पाणी साठवायची टाकी आखली होती. हुशार आहे, प्रेमळ आहे, बायकोवर त्याचा जीव आहे. अशा चांगल्या मुलालाही ही गोष्ट सुचत नाही, याचंच मला सर्वांत वाईट वाटतं.

त्याला मी काकीच्या बागेची हकीकत सांगितली. सुनेला वेगळं बसवून सांगितलं, की उद्या पीककर्ज काढायचं, विमा उतरवायचा, वादळानंतर पंचनाम्याला उभं राहायचं, तर तुझं प्रेम कामाला येणार नाही, खातेदार म्हणून तुझं नाव लागेल. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘आत्या, मी मागितलं तर त्याला वाईट वाटेल.’ पलीकडे पाण्याचा तांब्या भरत असलेला भाचा म्हणाला, ‘तू कशाला मागतेस? अर्ज मीच करायचा असतो, आत्ताच सांगितलं ना तिने.’ 

गावाकडे निघालेल्या अशा पुष्कळ जोडप्यांची पत्रं मला या सदरामुळे येतात. त्यांना माझं सांगणं एवढंच. जमीन अजून घ्यायची असेल तर मसुदा होण्याआधी वकिलाला विचारा की खरेदीखतात दोघांची नावं कशी घालता येतील. एजंटाच्या शब्दावर विसंबू नका. घेऊन झाली असेल तर गावच्या तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, नवऱ्याने लक्ष्मीमुक्तीचा अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा उतरवून दोघांनी वाचावा. घरासाठी ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज करावा. आणि ज्यांच्या आया-काक्या आज गावाकडे बागा सांभाळत आहेत, त्या मुला-पुतण्यांनी येत्या सुट्टीत आंब्याच्या पेट्या भरण्याआधी वारसनोंदीचं काम पुरं करावं.