अतिक्रमण कुणाचं?

निवडून आलेल्याला खाली खेचायला आता काठी लागत नाही. एक अर्ज लागतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 14(1)(ज-3). सरकारी जागेवर अतिक्रमण केलं असेल तर पंचायतीत बसता येत नाही. वाचायला किती स्वच्छ! गावची जमीन लाटणारा कारभारी नको, हे कोण नाकारील? पण सरकारी जागेवर राहतं कोण, ते बघा. सातबारावाला गायरानात झोपडी घालतो का?

इथं भंडारदऱ्याला विल्सन धरण 1926 साली पुरं झालं. पाणी प्रवरेतून खाली गेलं, उसाला. खालचे बागायतदार झाले. वर डोंगरात महादेव कोळी, ठाकर आणि गावकुसाबाहेर आम्ही. आमच्या आज्यानं घर घातलं ते सरकारी तुकड्यावर. दुसरीकडं जागा होतीच कुठं? गावानं दिली होती का?

मी एकदा सदस्यपदाला उभं राहायचं ठरवलं. अर्ज भरायच्या आधीच निरोप आला, 'घराचा उतारा हाये का?' बास. एवढंच. मी काय ते समजलो.

आता कोर्टाचं बघा. 2018 साली सुप्रीम कोर्टानं जनाबाई खटल्यात निकाल दिला. अतिक्रमण घरातल्या दुसऱ्या कुणी केलेलं असलं, तरी त्या जागेत राहणारा सदस्य अपात्र. म्हणजे आज्याचं पाप नातवाला आणि सासऱ्याचं सुनेला. जात जशी जन्मानं चिकटते तसं अतिक्रमणही आता जन्मानं चिकटतं. आणि त्याच 2018 सालात सरकार म्हणत होतं, गावठाणाबाहेरची 2011 पूर्वीची राहती घरं नियमित करू! एका हातानं घर देता, दुसऱ्या हातानं खुर्ची काढता?

उलटा निकालही आहे, तो लपवणार नाही. जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यातलं विचखेडा. 2021 साली तिथं बाई सरपंच झाली. गावातल्या काहींना ते पचलं नाही. तक्रार केली की ती सासूबरोबर सरकारी जागेत राहते. ती म्हणाली, मी नवरा-पोरांसह वेगळी, भाड्यानं राहते. कलेक्टरनं अपात्र ठरवली, आयुक्तानं तेच, हायकोर्टानंही दाद दिली नाही. 2024 साली सुप्रीम कोर्टानं तिला परत बसवलं. बाई सरपंच झालेली लोकांना सोसत नाही, हे कोर्टानं ओळखलं. चांगलं झालं. पण पाच वर्षांतली साडेतीन कशात गेली? चकरांत.

आमच्या माणसानं तीच वाट धरायची तर कशी? कलेक्टर अहिल्यानगरला. अपील नाशिकला. रिट छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. मग दिल्ली. शेंडीहून राजूर, अकोले, संगमनेर, एसटी बदलत जा, वकिलाच्या दारात उभा राहा, तारीख घे, परत ये. रोजंदारी बुडाली ती वेगळीच. तोवर मुदत संपते आणि कोर्ट म्हणतं, आता प्रकरणात काही उरलं नाही.

बाबासाहेबांनी कलम 32 ला घटनेचा आत्मा म्हटलं. त्या आत्म्यापर्यंत जायला एसटीचं भाडं लागतं, साहेब!

आम्ही दया मागत नाही. गायरानातलं राहतं घर आधी नियमित करा, मग अपात्रतेचं कलम लावा. तक्रार आली तर कोर्टाच्या शेवटच्या निकालापर्यंत सदस्याला खुर्चीवर राहू द्या. आणि अतिक्रमण मोजायचंच असेल, तर टेप घेऊन या. पहिल्यांदा मोजा वाड्यामागची जमीन.