पहिला पर्याय

जुलै उजाडला की पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी चालू असते, आणि तिथेच कडेला बसून कुणाची तरी लेक मोबाइलवर इंजिनीअरिंगचा पर्याय अर्ज भरत असते. शाखा ठरलेली, कॉम्प्युटर. अडतं ते विद्यापीठापाशी.

एकीकडे १८५७ सालचं मुंबई विद्यापीठ. दुसरीकडे आपल्याच जिल्ह्यात, लोणेऱ्याला, १९८९च्या कायद्याने उभं राहिलेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. घरात एकच चर्चा, नाव कुणाचं मोठं?

आम्हाला हा प्रश्नच अपुरा वाटतो. लोणेऱ्याच्या आवारात शिकणं वेगळं आणि त्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात शिकणं वेगळं. पदवीवरचं नाव तेच, शिकवणारे मात्र दुसरे. मुंबईचंही तसंच. म्हणून आधी एकदा जाऊन या. लॅब तासानंतर उघडी असते का? शेवटच्या वर्षाची मुलं स्वतः लिहिलेला प्रोग्राम दाखवतात का? वसतिगृह मिळेल, की पेण-रोह्याहून रोजचे चार तास प्रवासात जातील? आणि गणिताची गोडी असेल तर जवळच्या कॉलेजातली कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी, पुढे एमसीए, हाही सरळ रस्ता आहे.

पर्यायांचा क्रम शेजाऱ्याला विचारून लावू नका. पहिलाच पर्याय मिळाला, तर तोच पक्का होतो. आखणी चुकली की रंग कितीही भारी असो, मूर्ती रुसलेलीच दिसते; हे पेणकरांना कुणी सांगायला नको.

– संपादक