रस्सा गरम आहे, भात कधीचा?

गावातले जुने हॉटेल नव्या मालकाकडे गेले की गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चव तीच राहिली का? नागपूर-भंडारा महामार्गावरच्या मौद्यासारख्या तालुक्याच्या गावात त्याचे उत्तर आठवडाभरात सगळ्यांना माहीत होते. रविवारी दुपारी आजोबांची पंचाहत्तरी किंवा मुलाची नोकरी असे काहीतरी निमित्त निघते आणि पंचवीस जणांचे कुटुंब टेबले जोडून बसते. नव्या मालकाने भिंती रंगवलेल्या असतात, मेन्यूकार्ड बदललेले असते. आचारी मात्र जुनाच आहे, हे तो आवर्जून सांगतो. सावजी रश्शाचा पहिला घास घेऊन घरातले ज्येष्ठ मान डोलावतात आणि हॉटेल पास होते.

आरोग्याच्या दृष्टीने ही परीक्षा अपुरी आहे. अन्नाला आंबूस वास आणणारे, बुरा चढवणारे सूक्ष्मजीव वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जिवाणू वेगळे. आजारी पाडणाऱ्यांची संख्या धोक्याच्या पातळीला पोचली तरी चव, वास आणि रंग जसेच्या तसे राहू शकतात. त्यामुळे चवीवरून आचाऱ्याचा हात कळतो. स्वयंपाकघराची शिस्त कळत नाही.

या शिस्तीचा गाभा आहे तापमान आणि वेळ. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावे किंवा ५ अंशांच्या खाली थंड करावे. मधल्या पट्ट्यात जिवाणू वाढतात. भाताचेच पाहा. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. सकाळी दहाला शिजवलेला भात झाकून ओट्यावर ठेवला, की बीजाणू जागे होतात, वाढतात आणि काही प्रकार विष तयार करतात. हे विष फोडणी देऊन किंवा पुन्हा गरम करूनही जात नाही. मटणाच्या मोठ्या गंजात ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’चे बीजाणूही असेच उकळण्यातून वाचतात आणि नंतर वाढतात. त्याची वाढ ४३ ते ४७ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने होते. तेव्हा दहा-बारा मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होऊ शकते. आदल्या रात्रीचा भरलेला गंज तसाच निवायला ठेवला, तर त्याचा मधला भाग कित्येक तास याच तापमानात राहतो. विदर्भाच्या मे महिन्यात तर बाहेरची हवाच ४५ अंशांच्या घरात जाते. तिसरा धोका बासुंदी, पनीर, श्रीखंड अशा पदार्थांना. तिथे ‘स्टॅफिलोकोकस’ बहुधा हाताळणाऱ्याच्या बोटांवरच्या जखमेतून किंवा नाकातून येतो. त्याचेही विष उष्णतेला दाद देत नाही.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडले की दोष मात्र तर्रीला जातो. ‘मसाला जड गेला’ हे आपल्याकडचे ठरलेले निदान. तिखटाने जळजळ होते, एखाद्याला त्रासही होतो; पण एकाच टेबलावरच्या आठ जणांना उलट्या-जुलाब होत असतील तर मसाल्यापेक्षा कोमट भातावर किंवा शिळ्या गंजावर संशय घेणे शहाणपणाचे. जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर भात किंवा दुधाचे पदार्थ आठवावेत; सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा येऊन जुलाब लागले तर रश्शाचा गंज. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते आणि ‘ओआरएस’ हाच मुख्य उपचार असतो. पण पंचाहत्तरीचे आजोबा, दोन वर्षांचे नातवंड आणि गरोदर सून यांच्या शरीरातले पाणी कमी होणे घातक ठरू शकते. त्यांच्यासाठी, तसेच शौचातून रक्त गेले किंवा ताप वाढला तर कोणासाठीही, वाट न पाहता डॉक्टर गाठावा. ज्यांच्यासाठी जेवण ठेवले, सर्वांत मोठा धोका त्यांनाच असतो.

मालक बदलतो तेव्हा हॉटेलची पाटी आणि गिऱ्हाईक विकत घेता येते, अन्न परवाना नाही. नव्या मालकाला तो स्वतःच्या नावे काढावा लागतो. परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात हवा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापणे बंधनकारक आहे. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते वापरू नये, असाही नियम २०१८ पासून आहे. जुन्या मालकाची पाटी दिसली म्हणून हे सारे गृहीत धरू नये. अर्थात क्रमांक फक्त जबाबदार कोण हे सांगतो. भात कधी शिजला हे सांगत नाही. अन्न निरीक्षक दर रविवारी ओट्यापाशी उभा राहू शकत नाही.

म्हणून गिऱ्हाइकाचा वाटा महत्त्वाचा, आणि इथेच आपले चुकते. एक वाजताचे बुकिंग करून पाहुणे अडीचला जमतात. मग केक, फोटो, दूरच्या आत्याची वाट. तोवर रस्सा, भात आणि पनीर ताटकळत राहतात. शिवाय मेन्यूत ऐंशी पदार्थ हवेत आणि सांगितलेला पदार्थ दहा मिनिटांत टेबलावर हवा. ही अपेक्षा पुरी करायची तर छोट्या गावातल्या हॉटेलला सगळे आधी करून ठेवावेच लागते. नवीन मालक गिऱ्हाईक टिकवण्याच्या धडपडीत असतो. तो ‘नाही’ म्हणत नाही. आपण मागतो तेच तो देतो.

मग मागणीच बदलायला हवी. पंचवीस जणांसाठी पाच पदार्थ पुरेत: एक रस्सा, एक कोरडी भाजी, पोळी, भात, एक गोड. वेळ आदल्या दिवशी सांगावी आणि पाळावी. भात आपण बसल्यावरच लावा, असे स्पष्ट म्हणावे. गरम पदार्थ वाफाळत आणि गोड पदार्थ थंडगार आला नाही तर तो परत पाठवण्यात संकोच नको. टेबलावर दोन तास पडलेले उरलेसुरले बांधून नेऊ नये. आणि ‘भाताला वीस मिनिटे लागतील’ असे सांगणाऱ्या मालकावर चिडू नये. नव्या हॉटेलवाल्याने दिलेले ते सर्वांत चांगले प्रमाणपत्र आहे. चव तीच राहिली का, हे त्यानंतर सावकाश ठरवता येईल.