आधी वायर, मग मेश

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत आता एकमजली रो-हाऊस शोधावे लागते. मूळच्या लांबट, अरुंद घरांवर पुढच्या पिढीने मजले चढवले. खाली आई-वडील, वर थोरला आणि त्याच्या वरच्या खोलीत पुण्याच्या कंपनीचे काम घरूनच करणारी धाकटी. नेटचे कनेक्शन मात्र एकच, आणि त्याचा डबा हॉलमध्ये, दारापाशी. फायबर रस्त्यावरच्या खांबावरून येते; ते खिडकीच्या कोपऱ्यातून आत घेऊन पहिल्या प्लगशी जोडले की नेटवाल्याचे काम झाले. मग मागच्या खोलीत रेंज येत नाही, वरच्या खोलीत मीटिंगमध्ये आवाज तुटतो आणि घरातले कोणीतरी नवा डबा घ्यायला निघते.

दुकानात दोन पर्याय दाखवतात. दीड-दोन हजारांचा एक्स्टेंडर, नाहीतर पाच हजारांपासून पुढे कितीही चढत जाणारा मेशचा संच. संभाजीनगरच्या बहुतेक दुमजली-तिमजली घरांनी यातले काहीही घेण्याआधी पैसे वायरवर घालावेत.

एक्स्टेंडर राऊटरची लहर पकडतो आणि तीच पुन्हा पुढे सोडतो. स्वस्त प्रकारात ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ असतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यातही लोक तो जिथे रेंज नाही नेमका तिथेच लावतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जिथे राऊटरची रेंज अजून चांगली आहे अशा मधल्या जागी तो लावला, तर मागच्या बेडरूममधल्या एका टीव्हीपुरता तो कामी येतो. त्याच्याकडून याहून मोठी अपेक्षा नको.

मेशमध्ये दोन-तीन डबे मिळून एकच जाळे तयार करतात. नाव एक, पासवर्ड एक. जिना चढताना फोन खालचा डबा सोडून वरचा पकडतो. सोय खरी आहे. पण डबे आपसांत बिनतारीच बोलत असतील, तर त्यांच्यामधली भिंत आणि स्लॅब काही नाहीशी होत नाही. दोन बँडच्या, म्हणजे लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालणाऱ्या, संचात डब्यांचे आपसांतले बोलणे आणि फोन-लॅपटॉपची वाहतूक एकाच बँडवर दाटी करते. तीन बँडचा संच त्यासाठी वेगळी वाट राखून ठेवतो, म्हणूनच तो महाग असतो. खोक्यावर छापलेले हजारो एमबीपीएस ही सगळ्या बँडची कागदावरची बेरीज असते. वरच्या मजल्यावर पोहोचणारा वेग त्यातून कळत नाही.

साधा राऊटरही दोन बँडवर चालतो. 5 गीगाहर्ट्झच्या बँडवर वेग भरपूर, पण नऊ इंची विटांची भिंत आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब ओलांडताना त्याची दमछाक होते. 2.4 गीगाहर्ट्झची लहर लांब जाते, पण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. भिंतीला भिंत लागून असलेल्या रो-हाऊसच्या रांगेत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राऊटर याच तीन चॅनेलवर गर्दी करतात. गुलमंडी-औरंगपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे तर दोन्ही बँड नमतात. सहा अँटेनांचा राऊटर आणूनही फारसे हाती लागत नाही, कारण फोनलाही उलट बोलावे लागते आणि त्याचा आवाज होता तेवढाच राहतो.

या सगळ्याला वळसा घालते ती कॅट-6 वायर. शंभर मीटरपर्यंत ती गिगाबिटचा वेग बिनतक्रार नेते. दोन मजल्यांना पुरेल एवढी वायर आणि कनेक्टर हजार रुपयांच्या आसपास येतात. गच्चीवरच्या डिश अँटेनाची केबल ज्या पाइपातून खाली आली आहे, त्यातून ही वायर बहुतेक वेळा ओढता येते. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र ती घालू नये. घेताना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारावे. तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम स्वस्त पडते आणि पुढे त्रास देते. बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर उन्हात टिकणाऱ्या जाड आवरणाचीच घ्यावी.

वायर वर पोहोचली की मेश घेतलाच पाहिजे असेही नाही. कपाटात पडलेला जुना राऊटर ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकून, खालचेच नाव आणि पासवर्ड देऊन वर लावला, तरी बहुतेक घरांचे भागते. फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर अडखळेल, इतकेच. चालता-चालता व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनी मेश जरूर घ्यावा आणि त्याचे डबे याच वायरने जोडावेत.

भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही. तिथे तीन बँडचा मेश हाच शहाणा खर्च. एकाच पातळीवरच्या टू-बीएचकेत तर नवे काही घेण्याआधी राऊटर दारापासून उचलून घराच्या मध्यावर, टीव्हीच्या मागून बाहेर, खांद्याच्या उंचीवर आणून पाहावा. आणि त्याही आधी राऊटरशेजारी उभे राहून वेग मोजावा. तिथेच तो कमी भरला, तर दुखणे कनेक्शनचे आहे. कितीही डबे वाढवले तरी ते बरे होणार नाही. वीज जाण्याचा हिशेबही धरावा: फायबरचा डबा, राऊटर आणि वरचा डबा या तिन्हींना इन्व्हर्टर किंवा छोटा यूपीएस हवा, नाहीतर वीज गेली की मीटिंगही गेली.

खरा प्रश्न मात्र घर बांधतानाचा आहे. बीड बायपास आणि सातारा परिसरात इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांत जिम असते, क्लब हाऊस असते; पण प्रत्येक खोलीत नेटचा पॉइंट आहे का, हे क्वचितच लिहिलेले असते. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे विनियम काढले. इमारत फायबरसाठी तयार आहे का, आत मोबाइल आणि वायफाय कसे मिळते, हे पाहून तारे द्यायचे, अशी ती योजना. मानांकन घेणे बिल्डरवर बंधनकारक नाही, त्यामुळे ते मागणे ग्राहकाच्याच हाती उरते.

स्लॅब पडण्याआधी रिकामा पाइप टाकायचा खर्च फ्लॅटच्या किमतीपुढे नगण्य असतो. टाइल्स बसल्यावर तेच काम तोडफोडीचे होते. म्हणून बुकिंगच्या वेळी पार्किंगच्या जागेबद्दल जेवढे खोदून विचारले जाते, तेवढेच फायबर कुठल्या भिंतीतून आत येणार आणि तिथून प्रत्येक खोलीत पाइप जातो का, हेही विचारावे. मिळालेले उत्तर करारनाम्यात लिहून घ्यावे.