प्रेरणेची वही, आपल्याच हाताची



या सुट्टीत पॅरिशमधल्या मुलांकडून एक 'प्रेरणेची वही' करून घ्यायचे ठरते आहे. ज्या गोष्टींनी देवाची आठवण झाली, मन हलले, हाताला काही करावेसे वाटले, त्या चित्रांत आणि शब्दांत टिपायच्या, अशी कल्पना. कल्पना मला मनापासून आवडली. पण बैठकीत लगेच दोन सूचना आल्या. चांगल्या वह्यांना बक्षिसे द्यावीत, आणि ज्यांना चित्र जमत नाही त्यांनी मोबाईलवरची चित्रे छापून चिकटवावीत. या दोन्ही सूचनांना माझा विरोध आहे.

निर्गम ३१ उघडून पाहा. मंडपाच्या कामासाठी देव बसालेलला नाव घेऊन बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो. हा माणूस संदेष्टा नव्हे, याजक नव्हे. सोने, रुपे, पितळ, लाकूड यांत काम करणारा कारागीर. आत्मा त्याला मिळाला तो हातांच्या कामासाठी. आपण प्रार्थनासभेत ओठांचा आणि हृदयाचा विचार करतो. हातांची आठवण फक्त खुर्च्या उचलताना होते! शुभवर्तमानकार लूक आपल्या दुसऱ्याच अध्यायात दोनदा सांगतो की मरियेने या सगळ्या गोष्टी मनात जपून ठेवल्या. वहीचे काम तेच, जपून ठेवणे. आणि जपलेल्या गोष्टीला कोणी गुण देत नाही.

आपल्या गोव्यातच याचे मोठे उदाहरण आहे. मारियो मिरांडा (१९२६ ते २०११) लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रे काढायचे, म्हणून आईने त्यांना कोरी वही आणून दिली. तिथून रोजनिशीची सवय लागली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या रोजनिशा पुढे पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. त्या लिहिल्या तेव्हा ते विशी-पंचविशीतले, नाव नसलेले तरुण होते. पानोपानी लोटलीतली माणसे, शेजारी, मित्र, रोजच्या बारीकसारीक गमती. शाळेत पाद्रींची चित्रे काढल्यामुळे ते अडचणीतही आले होते म्हणतात. (आमच्या फादरांनी हे वाचून वही तपासायला मागू नये, एवढीच विनंती.) बक्षिसासाठी कोणी असे वर्षभर रोज काढत बसत नाही.

दुसरे नाव आंजेलो द फोन्सेका यांचे. जुवें बेटावर १९०२ साली जन्म, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिक्षण. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली, येशूला आपल्या मातीतला चेहरा दिला. गोव्यात ते अनेकांना रुचले नाही. त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून वर्षानुवर्षे काम केले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे आणि आपण अभिमानाने पाहुण्यांना तिकडे नेतो. फोन्सेकांनी युरोपातून आलेली चित्रे पाहून तशीच काढली असती तर त्या काळी त्यांचे कौतुकच झाले असते. मोबाईलवरून छापलेल्या चित्राबद्दल माझी तक्रार नेमकी हीच आहे. त्यात मरिया कुठलीही असते, आपल्या घरी पाळीने येणारी सायबीण तेवढी नसते.

आणि काढायला काय कमी आहे? तेरेखोलच्या किल्ल्यातले संत आंतोनीचे चर्च, डिचोलीच्या कुंभारांची मडकी, खाणीच्या ट्रकांनी लाल झालेली रस्त्याकडेची पाने, मोप्याला उतरणारे विमान बघत शेताच्या बांधावर उभी राहिलेली आजी. लाल म्हटले की मला कावी आठवते. आपल्याकडच्या जुन्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर कावेचा लाल थर देत आणि तो ओला असतानाच खरवडून चित्र काढत. खालचा पांढरा वर येई तेव्हा फूल किंवा पक्षी दिसे. थर वाळला की संपले, खोडरबर नाही. मुलांनी वहीत खोडरबर वापरू नये असे मी म्हणतो ते यावरूनच. चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी दुसरी काढा.

वही विकतची नको. साध्या कागदाचे आठ-आठ ताव मधोमध दुमडून, एकात एक घालून, दुमडीत सुईने पाच भोके पाडायची आणि जाड दोऱ्याने शिवायचे. पुठ्ठ्यावर जुन्या साडीचा किंवा आईच्या जुन्या ड्रेसचा तुकडा खळीने चिकटवला की झाले कव्हर. उजव्या पानावर चित्र, डाव्यावर शब्द, खाली तारीख आणि गावाचे नाव. मधूनमधून एखादे पान मुद्दाम कोरे ठेवावे. मिस्सेत कम्युनियननंतर आपण गप्प बसतो ना, तसे. शब्द मराठीत असोत की कोंकणीत, त्यावर वाद नको. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले आणि त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले, तेही रोमी लिपीत. आपण मुलाच्या एका वाक्यातल्या दोन भाषांवरून कशाला अडायचे?

बक्षिसाच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी सांगण्यात आली, की त्याशिवाय मुले येत नाहीत. पहिल्या आठवड्यात कदाचित कमी येतील. पण बक्षीस ठेवले की चांगली चित्रे काढणारी चार मुले पुढे बसतील आणि बाकीची त्यांच्या वहीत डोकावून तेच काढतील, मग तीस वह्यांत एकच गोठा आणि एकच तारा. मला तीस वेगळे गोठे हवेत. एखाद्याच्या गोठ्यात बाळ येशूशेजारी म्हैस असली तरी चालेल, नव्हे, असावीच.

प्रदर्शनही नको, असे माझे मत आहे. ज्याला वाटेल त्याने शेवटच्या रविवारी मिस्सेत अर्पणाच्या वेळी आपली वही मिटलेलीच वेदीपाशी ठेवावी आणि नंतर घरी न्यावी. कागद आणि दोरा पॅरिशमधून मिळेल. सुई तेवढी प्रत्येकाने घरून आणायची आहे, आणि लहान मुलांबरोबर कोणीतरी मोठे माणूस यावे.