आंकडे कीं गाणें?

सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत अलीकडे एक चमत्कारिक प्रकार पाहावयास मिळतो. मागच्या पिढीनें हौसेनें घेतलेला ॲम्प्लिफायर आणि त्याचे दोन भरदार स्पीकर आच्छादनाखालीं मुके बसलेले असतात, आणि त्याच खोलींत घरचीं चार माणसें आपापल्या कानांत चार निरनिराळीं गाणीं घालून बसतात. इंटरनेटवरून वाहत येणारें संगीत, ज्यास आतां सर्वत्र स्ट्रीमिंग म्हणतात, त्या मुक्या स्पीकरांपर्यंत पोंचविण्यास एक लहानशी पेटी व एक वायर पुरते. मग हें होत कां नाहीं? आमच्या मतें याचा दोष द्रव्याच्या अभावाकडे नाहीं. तो दोन पंथांकडे आहे. एक पंथ सोवळ्यांचा, दुसरा आंकड्यांच्या उपासकांचा.

सोवळा पंथ म्हणतो कीं, डिजिटल ध्वनि म्हणजे गाण्याचे केलेले तुकडे. त्यांत मींड पायऱ्यापायऱ्यांनीं उतरते. हा आक्षेप ऐकण्यास गोड आहे, पण खरा नाहीं. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें ध्वनीचें माप दर सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलें असतें. हीं मापें म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. नायक्विस्ट व शॅनन यांच्या नांवांनीं ओळखला जाणारा सिद्धांत सांगतो कीं, ध्वनींतील सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां माप घेतलें, तर त्या मापांतून मूळची अखंड लहर पुन्हा उभी करतां येते. मापाच्या स्थूलतेमुळें जें काय उरतें ती अत्यंत मंद खरखर असते. मींडेंतील पायरी नव्हे. तरुण निरोगी कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. पन्नाशी ओलांडलेल्या आम्हां लोकांचा त्याच्या पुष्कळच अलीकडे थांबतो. शिवाय ज्यांनीं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडींत कोंबलेला ख्याल भक्तिभावानें ऐकला, त्यांनींच तासाभराचा अखंड ख्याल देणाऱ्या माध्यमाचा विटाळ मानावा, याला काय म्हणावें? १९३७ सालीं दिवंगत झालेल्या अब्दुल करीमखांचा स्वर आज बहुतेकांस ऐकावयास मिळतो तो याच विटाळलेल्या मार्गानें.

दुसरा पंथ याच्या उलट टोंकास जातो. त्याच्या दृष्टीनें ४४,१०० म्हणजे दारिद्र्य. १,९२,००० पाहिजेत, सोळा बिटांऐवजीं चोवीस पाहिजेत, आणि डिजिटल मापांचें पुन्हा लहरींत रूपांतर करणारा ‘डॅक’ स्पीकरांहूनही महाग पाहिजे. या मताची परीक्षा झालेली आहे. २००७ सालीं ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनीं उच्च प्रतीच्या डिस्कवरील ध्वनि एकदां जसाच्या तसा आणि एकदां कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापांतून गाळून श्रोत्यांपुढें ठेविला. एकूण ५५४ चांचण्यांपैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं. म्हणजे नाणें उडवून जितकीं यावींत तितकींच. पुढें २०१६ सालीं जोशुआ राइस यांनीं अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यांत बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा सुमारें ५२ निघालें. हा फरक संख्याशास्त्रास दिसतो, हें आम्ही प्रांजळपणें मान्य करतों. पण शेंकडा दोन उत्तरांसाठीं एखाद्या गृहस्थानें महिन्याची प्राप्ति खर्चावी, हें कोणतें शास्त्र? दुकानांत तुलना करून देतांना महाग यंत्राचा आवाज किंचित् मोठा असला, तरी तें अधिक सुरेल भासतें. तेव्हां तेथील प्रत्ययाचाही भरंवसा धरूं नये.

याचा अर्थ सर्व ध्वनि सारखेच, असा मात्र नाहीं. ओझें हलकें करण्यासाठीं ध्वनीचा कांहीं अंश कायमचा गाळून टाकण्याची रीत आहे. ती फार कसून लाविली तर तंबोऱ्याची झार व टाळ्यांचा कडकडाट बिघडतो. अंश न गाळतां ध्वनि पाठविणारी सेवा मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. ॲपलच्या सेवेनें २०२१ सालापासून ती जादा आकाराशिवाय दिली आहे. तसेंच, ब्लूटूथनें जोडणी केल्यास ध्वनि वाटेंत सामान्यतः पुन्हा गाळला जातो, आणि फोन वाजला कीं गाणें थांबतें. वाय-फायवर चालणाऱ्या पेटीची रीत पुष्कळ सेवांत निराळी असते: फोन केवळ हुकूम देतो, आणि पेटी गाणें स्वतः मागवून घेते. अशी पेटी कांहीं हजार रुपयांत येते. तिची वायर ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ खांचेंत घालावी, ‘फोनो’ खांचेंत नव्हे. कारण ती दुसरी खांच तबकडीच्या सुईपासून येणाऱ्या अतिक्षीण प्रवाहासाठीं केलेली असून, पेटीचा जोरकस प्रवाह तींत विकृत होऊन कर्कश वाजतो. उरलेला पैसा स्पीकरांसाठीं राखावा, आणि कष्ट खोलीसाठीं. दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधणें, स्पीकर कोपऱ्यांतून बाहेर ओढणें, उघड्या भिंतीसमोर पुस्तकांचें कपाट किंवा जाड पडदा येऊं देणें, यांनीं जो फरक पडतो तो आंधळ्या चांचणीवांचूनही ऐकूं येतो.

कोणी म्हणेल कीं, हें सारें भाड्याचें घर आहे. उद्यां मालकानें दार लावलें तर? हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि दोन्ही पंथ नेमका हाच विसरतात. रेसो ही सेवा भारतांत २०२४ च्या जानेवारींत बंद झाली. त्याच वर्षीं एअरटेलनें आपली विंक गुंडाळली. गूगलची क्रोमकास्ट ऑडिओ ही जुन्या ॲम्प्लिफायरसाठीं नामी असलेली पेटी २०१५ सालीं निघाली व २०१९ सालीं तिचें उत्पादन संपलें. म्हणून स्ट्रीमिंग हें ग्रंथालय समजावें, स्वतःचा ग्रंथसंग्रह समजूं नये. घरांतील तबकड्या व कॅसेटी रद्दींत घालूं नयेत. त्यांच्या वेष्टनांवर तबलजीचें व पेटीवाल्याचें नांव छापलेलें असतें. सेवेच्या यादींत तें पुष्कळदां नसतें. आमच्या संगीतांत साथीदार निनावी करणें ही लहानसहान चूक नव्हे, आणि वर्गणी भरणाऱ्यांनीं त्याबद्दल तक्रार केली पाहिजे.

वादाचें खरें मर्म पेटींत नाहीं, डॅकमध्येंही नाहीं. सोवळा माध्यमाची पूजा करतो, उपासक मापाची. गाणें दोघांच्याही हातून सुटतें. ऐकणें हा घरांत लागणारा संस्कार आहे. आजीला बडा ख्याल ऐकावयाचा, नातीला दुसरेंच कांहीं. या ओढाताणींतूनच नातीच्या कानावर मालकंस पडतो आणि आजीला नवें कांहीं आवडूं लागतें. आपापल्या कानांत गाणें कोंडून घेतल्यावर ही ओढाताण संपते, आणि तिच्याबरोबर तो संस्कारही. तेव्हां पेटी स्वस्तांतली आणावी, पुढचें गाणें आपोआप सुरू करण्याची तिची खोड बंद करावी, आणि एक राग पुरा होईपर्यंत सर्वांनीं एका खोलींत बसावें. यास १,९२,००० चा आंकडा लागत नाहीं. अर्धा तास लागतो, आणि तोच आम्ही द्यावयास तयार नाहीं.